लाकडाला बोलते करणारा रीमेनश्नायडर

आमच्या घरी रंधा आणि पटाशी पिढ्यान्‌पिढ्यांची. त्यामुळे जर्मनीतील शेतकऱ्यांच्या उठावाविषयी वाचताना एका लाकूड कोरणाऱ्याचे नाव आले, तेव्हा मी तेथेच थांबलो.

टिलमन रीमेनश्नायडरचा जन्म १४६० च्या सुमारास झाला. १४८३ मध्ये तो कारागीर म्हणून वुर्त्सबुर्ग शहरात आला. दोन वर्षांनी त्याने एका सोनाराच्या विधवेशी विवाह केला व तो कारखान्याचा धनी झाला.

रोथेनबुर्गच्या सेंट जेकब चर्चमध्ये वेदीमागे एक उंच लाकडी मखर आहे. त्यातील मूर्ती त्याने १५०१ ते १५०५ च्या दरम्यान घडविल्या. मखर एका सुताराने केले आणि त्यालाही जवळजवळ तितकीच मजुरी मिळाली, हे वाचून मला (खरे सांगतो) फार बरे वाटले! मूर्तींचे लाकूड ‘लाइम’चे. मी आधी लिंबाचे समजलो! ते लिंडेन नावाचे झाड. लाकूड मऊ, पटाशीला वश होणारे. त्या काळी अशा मूर्तींना रंग व सोन्याचा मुलामा देत. याने लाकूड उघडेच ठेवले. रंगाने झाकायची सोय नाही, म्हणजे प्रत्येक सुरकुती, प्रत्येक बोट पटाशीनेच बोलके करायचे! येशूच्या अखेरच्या भोजनाच्या देखाव्यात मधोमध उभा आहे तो येशू नव्हे, तर विश्वासघातकी यहूदा, हातात पैशांची थैली घेऊन. मागील खिडक्यांतून येणारा प्रकाश सरकतो तसे चेहऱ्यांवरील भाव पालटतात.

मानमरातब वाढला. १५२० मध्ये तो नगराध्यक्ष झाला. पण १५२५ मध्ये शेतकरी उठले. वुर्त्सबुर्गचा बिशप हाच तेथील राजा. त्याच्या बाजूने शेतकऱ्यांशी लढण्यास नगरसभेने नकार दिला. रीमेनश्नायडर तिचा सभासद होता. ज्या चर्चच्या वेदी त्याने सजविल्या, त्याच चर्चच्या सत्ताधीशाविरुद्ध! शेतकरी हरले. साठी ओलांडलेल्या या माणसाला किल्ल्यात सुमारे दोन महिने डांबून त्याचा छळ झाला, मालमत्ताही जप्त झाली. त्याचे हात मोडले अशी दंतकथा आहे, तिला पुरावा नाही. मात्र नंतर त्याने मोठे काम केले नाही.

७ जुलै १५३१ रोजी तो वारला आणि लोक त्याला विसरले. १८२२ मध्ये वुर्त्सबुर्गच्या जुन्या दफनभूमीत त्याची समाधिशिला सापडली, तेव्हा कोठे त्याच्या मूर्तींचा शोध सुरू झाला.