औरंगजेब : अविश्वासाची किंमत

खुलताबादला शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे. कबर साधी आहे, तिच्यावर छप्पर नाही. याच गावाच्या परिसरात मलिक अंबरची आणि पहिल्या निजामाचीही कबर आहे. दख्खनच्या दीडशे वर्षांच्या राजकारणातील तीन प्रमुख माणसे अशी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर विसावली आहेत. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी हे शहर वसवले, १६५३ मध्ये औरंगजेबाने त्याला आपले नाव दिले, आणि आज ते छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते. या कबरीवरून आणि नावावरून होणारे वाद हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. येथे विचार करावयाचा आहे तो एका वेगळ्या आणि आपल्या रोजच्या व्यवहाराला अधिक जवळच्या प्रश्नाचा.

तो प्रश्न असा. औरंगजेबाइतका कष्टाळू, नेमस्त आणि राज्यकारभाराच्या बारीकसारीक गोष्टी जाणणारा बादशहा मोगल घराण्यात दुसरा झाला नाही. त्याच्या हाती त्या काळातील एक अत्यंत संपन्न साम्राज्य होते, फौज होती, तोफखाना होता. तरीही आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे दख्खनमध्ये घालवून तो अपयशी का ठरला? मराठ्यांचा पराक्रम, सह्याद्रीची दुर्गमता आणि त्याचे धार्मिक धोरण ही उत्तरे आपण शाळेत शिकलो आहोत, आणि ती खरीही आहेत. परंतु आणखी एक कारण आहे, ज्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. ते कारण म्हणजे त्याने आपल्या एकाही सेनापतीला निश्चिंतपणे सेनापती होऊ दिले नाही.

विशेष असे की, वरून होणाऱ्या ढवळाढवळीने काय होते, याचा अनुभव त्याच्याइतका दुसऱ्या कोणाला क्वचितच आला असेल. १६१८ मध्ये दाहोद येथे त्याचा जन्म झाला आणि १६३६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तो दख्खनचा सुभेदार झाला. पुढे १६५२ मध्ये कंदाहारच्या दुसऱ्या वेढ्याची कामगिरी त्याच्याकडे आली. परंतु नावाला वेढा त्याचा असला तरी शाहजहान स्वतः काबूलला येऊन बसला होता. वजीर सादुल्लाखान सोबतीला दिला होता, आणि किल्ल्यावर हल्ला केव्हा करावयाचा हे काबूलहून ठरत होते. वेढा फसला. दोष मात्र शाहजाद्याच्या पदरी आला. आणखी एकदा प्रयत्न करू द्यावा, ही त्याची विनंती फेटाळून त्याला पुन्हा दख्खनला रवाना करण्यात आले.

दख्खनच्या या दुसऱ्या सुभेदारीतही तेच घडले. उजाड झालेल्या मुलुखात मुर्शिद कुलीखानासारख्या कर्तबगार दिवाणाच्या साहाय्याने शेतसाऱ्याची घडी बसवण्याचे काम चालू असताना, दरबाराकडून खर्चाबद्दल आणि नेमणुकांबद्दल हरकती येत राहिल्या. बऱ्हाणपुरातील बादशहाच्या आवडत्या झाडाचे आंबे दरबारात नीट पोहोचत नाहीत, याबद्दलही शाहजाद्याला बोल ऐकावे लागले. १६५६ मध्ये गोवळकोंडा हाती येण्याच्या बेतात असताना वेढा उठवण्याचा हुकूम आला. १६५७ मध्ये बीदर आणि कल्याणी घेतल्यावर विजापूरची मोहीम थांबवावी लागली, आणि त्याच्या हाताखालचे सरदार दरबारात परत बोलावले गेले. दूर बसलेल्या माणसाने रणांगणावरच्या माणसाचा हात धरला की काय होते, हे त्याने अशा रीतीने एकदा नव्हे, तीनदा पाहिले.

असा मनुष्य स्वतः सत्तेवर आला की तो हाताखालच्यांना मोकळीक देईल, अशी आपली सहज अपेक्षा असते. प्रत्यक्षात उलटे झाले, आणि त्याचे कारण त्याच्या राज्यारोहणातच दडलेले होते. १६५८ मध्ये त्याने बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडले आणि भावांशी लढून गादी मिळवली. दूरच्या सुभ्यातील फौज, विश्वासू सरदार आणि योग्य संधी एवढ्या भांडवलावर मुलगा बापाचे राज्य घेऊ शकतो, हे त्याने स्वतःच सिद्ध केले होते. ज्या वाटेने आपण आलो त्या वाटेने दुसरा कोणी येईल, ही भीती त्यानंतर त्याला कधीच सोडून गेली नाही. थोरला मुलगा मुहम्मद सुलतान भावबंदकीच्या युद्धात चुलता शुजा याला जाऊन मिळाला, त्यामुळे ती भीती अधिकच पक्की झाली. तो मुलगा कैदेतच १६७६ मध्ये मरण पावला.

एकदा मात्र त्याने वेगळा मार्ग अनुसरला होता. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाला दख्खनवर पाठवताना, त्याच्या आग्रहावरून, युद्ध आणि कारभार या दोन्हींचे व्यापक अधिकार त्याला देण्यात आले. परिणाम काही महिन्यांतच दिसला. त्याच वर्षी जून महिन्यात पुरंदरचा तह झाला आणि शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. मोगलांना मराठ्यांविरुद्ध मिळालेल्या मोठ्या यशांपैकी हे एक होते. परंतु पुढे विजापूरच्या मोहिमेत अपयश येताच बादशहाची मर्जी फिरली. मिर्झाराजांना परत बोलावण्यात आले आणि १६६७ मध्ये बऱ्हाणपूर येथे त्यांचा अंत झाला. या प्रकरणातून इतर सरदारांनी कोणता धडा घेतला असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

त्यानंतर बादशहाने जी पद्धत स्वीकारली ती जोडगोळीची. एका सेनापतीवर दुसऱ्याने नजर ठेवावयाची, आणि दोघांवर बातमीदारांनी. १६७० मध्ये शाहजादा मुअज्जम आणि दिलेरखान यांच्यातील संशय इतका विकोपाला गेला की मोगल फौजच मोगल फौजेच्या पाठलागावर निघाली. नेमक्या त्याच वर्षी शिवाजी महाराजांनी पुरंदरच्या तहात गेलेले किल्ले एकामागून एक परत घेतले. वाकनीस, सवानेहनिगार, गुप्त बातमीदार आणि हरकारे अशा चार मार्गांनी बादशहाकडे बातम्या येत. अर्जांवर तो स्वतःच्या हाताने शेरे लिहीत असे. १६९५ मध्ये गलगले येथील छावणीत आलेल्या जेमेली कारेरी या इटालियन प्रवाशाने सत्तरी ओलांडलेल्या बादशहाला चष्म्याविना अर्जांवर हुकूम लिहिताना पाहिले आणि ते नोंदवून ठेवले आहे. हे दृश्य कौतुकास्पद वाटते. परंतु शेकडो कोसांच्या साम्राज्यात प्रत्येक कागद एकाच लेखणीपाशी येऊन थांबत असेल, तर बाकीच्या लेखण्या हळूहळू वाळून जातात, हेही विसरता येत नाही.

१६८१ मध्ये शाहजादा अकबराने बंड केले आणि तो संभाजी महाराजांच्या आश्रयास आला. त्याच वर्षी औरंगजेब दक्षिणेकडे निघाला आणि १६८२ मध्ये या शहरात दाखल झाला. त्यानंतर तो उत्तरेत कधीच परतला नाही. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा पडले. गोवळकोंड्याच्या वेढ्यातच, कुतुबशहाशी परस्पर बोलणी केल्याच्या आरोपावरून, मुअज्जमला मुलांसह कैद करण्यात आले. हा संशय अगदीच निराधार नव्हता, हे मान्य केले पाहिजे. पण साम्राज्याच्या भावी धन्याने चाळिशी-पन्नाशीची सुमारे सात वर्षे नजरकैदेत काढली, हेही तितकेच खरे.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, आणि आता सर्व संपले असे बादशहाला वाटले. वास्तविक त्याच्या पद्धतीची खरी परीक्षा तेथूनच सुरू झाली. राजाराम महाराज जिंजीला गेले. १६९० मध्ये सुरू झालेला जिंजीचा वेढा १६९८ पर्यंत चालला. सेनापती झुल्फिकारखान, त्याच्यावर शाहजादा कामबक्ष, आणि सोबत झुल्फिकारचा बाप, वजीर असदखान, अशी तीन डोकी तेथे होती. कामबक्षाने किल्ल्यातील मराठ्यांशी संधान बांधल्याचा संशय आला, तेव्हा सेनापतीने आणि वजिराने मिळून बादशहाच्या मुलालाच कैद केले आणि त्या गोंधळात वेढा उठवावा लागला. अखेर किल्ला पडला तेव्हा राजाराम महाराज तेथून निसटलेले होते. झुल्फिकारखान मुद्दाम वेळ काढीत होता, असे अनेकांनी त्या काळी म्हटले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात नवल वाटू नये. यश मिळाले तर ते बादशहाचे आणि अपयश आले तर ते आपले, असा हिशेब ज्या नोकरीत असतो, तेथे न जिंकणे आणि न हरणे हाच सर्वांत सुरक्षित व्यवहार ठरतो.

याच काळात मराठ्यांकडे काय चालले होते? राजा शेकडो कोस दूर, खजिना रिकामा, राजधानी शत्रूच्या ताब्यात. या असहायतेतून अधिकार वाटून देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. रामचंद्रपंत अमात्यांना हुकूमतपनाह हा किताब देऊन महाराष्ट्राचा कारभार सोपवण्यात आला. शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांनी जागेवर निर्णय घेतले आणि जागेवर अमलात आणले. १६९५ मध्ये संताजींनी दोड्डेरी येथे कासिमखानाच्या फौजेचा धुव्वा उडवला आणि पुढील वर्षाच्या आरंभी हिंमतखान मारला गेला. दोन्ही वेळी मराठा सेनापतीला कोणाच्या हुकमाची वाट पाहावी लागली नव्हती. १७०० मध्ये राजाराम महाराज निवर्तल्यावर महाराणी ताराबाईंनी हीच पद्धत अधिक निग्रहाने चालवली.

या मोकळिकीचीही किंमत होती, हे सांगितले नाही तर विवेचन एकांगी होईल. संताजी आणि धनाजी यांच्यातील वैर वेळीच आवरता आले नाही आणि १६९७ मध्ये संताजींसारखा सेनापती गमावावा लागला. वतने आणि सरंजाम यांतून पुढे जी सरदारशाही वाढली तिने मराठी राज्यालाही जाच केला. अधिकार देणे म्हणजे लगाम सोडून देणे नव्हे. परंतु ज्याचा लगाम कधीच सैल होत नाही, तो घोडा धावत नाही, हेही खरेच आहे.

१६९९ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, सेनापतींकडून काम होत नाही म्हणून बादशहा स्वतःच किल्ल्यांच्या पायथ्याशी जाऊन बसू लागला. १७०० मध्ये सातारा आणि परळी, १७०१ मध्ये पन्हाळा, १७०२ मध्ये विशाळगड, १७०३ मध्ये सिंहगड, १७०४ मध्ये राजगड आणि तोरणा, १७०५ मध्ये वाकिनखेडा. यांतील बहुतेक किल्ले तोफांपेक्षा वाटाघाटींनी आणि पैशांनी मिळाले, आणि बादशहाची छावणी हलताच त्यांतील कित्येक मराठ्यांनी परत घेतले. साताऱ्याला मोगलांचाच सुरुंग मोगलांवर उलटला आणि हजारांनी माणसे गाडली गेली. माण नदीच्या पुरात छावणी सापडली, तेव्हा बादशहाच्या गुडघ्याला इजा होऊन तो कायमचा लंगडा झाला. एका किल्ल्यापुढे साम्राज्याचा धनी महिनोन्‌महिने बसलेला असताना, मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात आणि गुजरातेत शिरत होत्या.

आर्थिक बाजू याहून गंभीर होती. फितवून आणलेल्या सरदारांना मनसबी द्याव्या लागत. मनसबीपोटी जहागीर हवी. आणि द्यावयास उत्पन्नाची जमीन उरली नव्हती. कागदावर जहागीर मिळे, प्रत्यक्षात वसूल हाती येत नसे. शिपायांचे पगार थकत. उत्तरेचा पैसा दक्षिणेत जिरत गेला, आणि धन्याच्या गैरहजेरीत उत्तरेचा कारभारही ढिला झाला.

१७०७ मध्ये अहमदनगरजवळ, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. त्या वेळी मुअज्जम त्रेसष्ट वर्षांचा होता. तो गादीवर आला खरा, पण भावाचे रक्त सांडूनच. ज्यांच्या अंगी कर्तबगारी होती, त्यांना साम्राज्य सांभाळण्यापेक्षा स्वतःचे वेगळे घर बांधणे अधिक शहाणपणाचे वाटले. बादशहाच्या छावणीत लहानाचे मोठे झालेले चिनकिलिचखान पुढे निजाम-उल-मुल्क झाले आणि १७२४ मध्ये त्यांनी दख्खनमध्ये आपली सत्ता उभी केली. त्यांची कबर खुलताबादला बादशहाच्या कबरीजवळच आहे.

हा केवळ जुन्या काळचा इतिहास नाही. १६५२ च्या काबूल-कंदाहारची आठवण व्हावी असे काही १९६२ मध्ये आपल्या ईशान्य सीमेवर घडले. नामका चू नदीकाठच्या लहान तुकड्यांनी कोठे उभे राहावे याचे हुकूम दिल्लीहून सुटत होते, आणि तेथील अधिकाऱ्यांचे प्रत्यक्ष पाहून बनलेले मत बाजूला पडत होते. त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब विभागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकले, तेव्हा हवाई दल वापरण्याची परवानगी त्यांनी त्याच दिवशी, काही मिनिटांत दिली आणि पुढचे काम ज्यांचे होते त्यांच्यावर सोपवले. धोरण ठरवणे आणि हात धरणे यांतील फरक त्यांनी ओळखला होता.

आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला फौजा येत नाहीत. येते ते एखादे कार्यालय, एखादी शाळा, महाविद्यालयाचा एखादा विभाग. पण खडूच्या पेटीलाही वरिष्ठांची सही लागावी, साध्या पत्राचा मसुदा चार वेळा बदलून यावा, आणि चूक झाली की ती मात्र कारकुनाची ठरावी, ही रीत आपल्या ओळखीची आहे. अशा ठिकाणी माणसे काम करीत नाहीत, हुकमाची वाट पाहतात. आणि वरिष्ठ मात्र प्रामाणिकपणे समजत असतो की, आपल्यावाचून येथे कोणालाच काही येत नाही. त्याचे हे म्हणणे काही वर्षांनी खरेही ठरते, कारण ते त्यानेच खरे करून ठेवलेले असते.

औरंगजेबाने कष्टात कसूर केली नाही. पण स्वतः सोसलेला जाच त्याने धडा म्हणून घेतला नाही, तो वारसा म्हणून पुढे चालवला. आपल्या वरिष्ठांनी आपल्याला जसे वागवले, तसेच आपण आपल्या हाताखालच्यांना वागवतो काय, हा प्रश्न खुलताबादच्या त्या साध्या कबरीपाशी उभे राहून प्रत्येकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.