अंगणात गेलेली शाळा
पद्मभूषण ताराबाई मोडक यांच्या कार्याचे स्मरण

वरसावे, प्रतिनिधी – मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जेथे मिळतात, त्या वरसावे नाक्यावरून वसई खाडीचा पूल ओलांडला की उत्तरेकडे डहाणूची वाट लागते. एकेकाळच्या सलग ठाणे जिल्ह्याच्या या उत्तर टोकाला, बोर्डीच्या किनाऱ्यावर आणि कोसबादच्या टेकडीवर, भारतीय बालशिक्षणाचा एक मोठा प्रयोग उभा राहिला. २०१४ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग पालघर जिल्ह्यात गेला. मात्र वाडीवस्तीतील मुलांपर्यंत शाळा कशी न्यावी, या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या प्रत्येकाला आजही ताराबाई मोडक यांच्या त्या प्रयोगाकडेच वळून पाहावे लागते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या सुधारकी वातावरणातील केळकर कुटुंबात झाला. स्त्रीशिक्षण अपवादात्मक असलेल्या काळात, १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. परंतु ते सहजीवन टिकले नाही आणि १९२१ मध्ये पतीपत्नी विभक्त झाले. लहानग्या मुलीला घेऊन त्यांनी राजकोट गाठले आणि तेथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची जबाबदारी स्वीकारली.

एकट्या स्त्रीला मानाचे आणि सुरक्षित पद मिळणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तरीही १९२३ मध्ये त्यांनी ते सोडले. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका हे वकिली सोडून आलेले शिक्षक मॉन्टेसरी पद्धतीने बालमंदिर चालवीत होते. अध्यापिका घडविणाऱ्या प्राचार्या तेथे बालकांजवळ बसून नव्याने शिकू लागल्या. नेतृत्वाची त्यांची कल्पना येथेच पक्की झाली असावी. ज्याला इतरांना शिकवायचे आहे, त्याने आधी मुलांकडून शिकण्याची तयारी ठेवली पाहिजे, हेच त्यांच्या पुढील साऱ्या कार्याचे सूत्र दिसते. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली आणि त्याच्या कार्याची धुरा पुढे ताराबाईंनी वाहिली.

मुंबईत परतल्यावर १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले. बालमंदिराबरोबरच अध्यापकांच्या प्रशिक्षणाचीही सोय तेथे झाली. मध्यमवर्गीय पालकांनी या उपक्रमाचे स्वागत केले. पण ताराबाईंचे समाधान झाले नाही. महागडी साधने, स्वच्छ गणवेश आणि सुशिक्षित आईबाप ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यापुरतेच बालशिक्षण मर्यादित राहणार असेल, तर देशातील बहुसंख्य मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना सतावत होता.

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. डहाणू-उंबरगाव परिसरात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव पेटला, तेच हे वर्ष. त्याच सुमारास बोरिवलीच्या शिबिरात भेटलेल्या, पुण्यातील शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण हरिजनवाड्यातील मुले तिकडे फिरकेनात. ताराबाईंनी दोष पालकांना दिला नाही, शाळेची जागा बदलली. शिक्षिका वाड्यात गेल्या, मुलांना न्हाऊमाखू घालू लागल्या, केस विंचरू लागल्या आणि तेथल्याच अंगणात गाणी-गोष्टी सुरू झाल्या. यातून अंगणवाडीचा प्रयोग आकारास आला. विकतच्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. मॉन्टेसरीबाईंचे तत्त्व कायम राहिले, खर्च मात्र गावाला पेलेल इतका खाली आला.

पुढे १९५६-५७ च्या सुमारास हे कार्य कोसबादच्या टेकडीवर हलले. तेथे अडचण निराळी होती. वारली कुटुंबांतील थोरली मुले धाकट्या भावंडांना सांभाळीत किंवा गुरे राखीत; त्यांना शाळेत यायला सवडच नसे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी साकारली. भावंड कडेवर घेऊन आलेली मुलगी त्याला पाळणाघरात ठेवून वर्गात बसू शकली. गुराख्यांसाठी तर थेट चराईच्या रानात कुरणशाळा भरली. शिस्त, हजेरी आणि वेळापत्रक यांच्या चौकटीत मुलांना कोंबण्याऐवजी मुलांच्या दिनक्रमाप्रमाणे शाळेची चौकट बदलण्याचे हे धाडस होते.

१९६२ मध्ये केंद्र सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे अनुताईंनी कोसबादचे काम जवळजवळ दोन दशके, १९९२ मध्ये त्यांचे स्वतःचे निधन होईपर्यंत, सांभाळले. संस्थाप्रमुखाच्या पश्चात अनेक संस्था ओस पडतात. येथे तसे झाले नाही, कारण ताराबाईंनी इमारतींआधी सहकारी घडविले होते.

त्यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. आज तो पोषण आहार, लसीकरण आणि नोंदवह्या यांच्याशी अधिक जोडला जातो. त्या कामांचे मोल मोठेच आहे. मात्र बोर्डीच्या अंगणात मूल खेळता खेळता शिकत होते आणि शिक्षिका त्याच्याकडे पाहून शिकत होती. शाळेत न येणाऱ्या मुलाची नोंद गैरहजर अशी करण्यापूर्वी त्याच्या घराची वाट चालून पाहावी, हा ताराबाईंच्या आयुष्याचा धडा शहरातील शाळांनाही तितकाच लागू आहे.