शोधायला शिकवणारे ग्रंथपाल : डॉ. एस. आर. रंगनाथन

ऑनलाइन शॉपिंग करताना आपण फिल्टर लावतो. किंमत, रंग, ब्रँड, साइज. एकाच वस्तूकडे अशा वेगवेगळ्या बाजूंनी बघायची पद्धत कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी एका भारतीय ग्रंथपालाने पुस्तकांसाठी मांडली होती. त्यांचं नाव शियाळी रामामृत रंगनाथन. पण आज बोलायचंय ते त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल. पुस्तकांची राखण करणाऱ्या माणसाला त्यांनी शोध घ्यायला शिकवणारा शिक्षक बनवलं.

गणिताचे मास्तर लायब्ररीत

रंगनाथन यांचा जन्म १८९२ चा, तमिळनाडूतल्या शियाळी गावचा. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित शिकवायचे. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत चक्क कंटाळले! मला परत कॉलेजात पाठवा, अशी त्यांनी विनंती केली. आधी लंडनला जाऊन हे काम शिकून या, मग ठरवू, असं विद्यापीठाने सांगितलं.

तिथे त्यांनी लहान मुलांपासून कामगारांपर्यंत सगळ्यांना वापरता येणाऱ्या लायब्ररी पाहिल्या आणि त्यांचं मत पार बदललं. लंडनच्या एका दुकानात मेकॅनो हा खेळ बघून त्यांना कल्पना सुचली. ठरावीक तुकडे जोडून हवं ते मॉडेल बनतं, मग विषयाचेही तुकडे का जोडू नयेत? त्यातूनच १९३३ मध्ये ‘कोलन वर्गीकरण’ आलं.

ग्रंथपालांसाठी शाळा

चांगली लायब्ररी चालवायला शिकलेली माणसं लागतात, हे त्यांनी ओळखलं. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ सुरू झाला आणि १९२९ पासून संघाने ग्रंथपालांचे प्रशिक्षण वर्ग घेतले. पुढे विद्यापीठानेच हे वर्ग चालवायला घेतले. शाळा-कॉलेजच्या ग्रंथालयांवर त्यांनी १९४२ मध्ये वेगळं पुस्तक लिहिलं.

त्यांच्या शिकवणीत एक गोष्ट पक्की होती. वाचक जे विचारतो, तोच त्याचा खरा प्रश्न असतो असं नाही. ग्रंथपालाने बोलून तो खरा प्रश्न बाहेर काढायचा आणि मग वाचकासोबत शोधायचं. या मदतीचे त्यांनी दोन प्रकार केले. एक झटपट, म्हणजे एखादी तारीख किंवा पत्ता काढून देणं. दुसरी वेळ घेणारी, जिथे अनेक पुस्तकं धुंडाळावी लागतात.

मोबाइलवर याचा काय उपयोग?

सर्च केल्यावर सगळ्यात वर दिसणारं उत्तर किंवा एआयने दिलेला परिच्छेद ही झाली झटपट मदत. तारीख बघायला ठीक, पण औषध, कर्ज किंवा मतदान अशा विषयांत त्यावर थांबणं महागात पडू शकतं. तिथे दुसऱ्या प्रकारचा शोध लागतो, आणि तो कोणीतरी शिकवावा लागतो. शाळेच्या ग्रंथपालांना फक्त पुस्तकांची देवघेव करायला लावली, तर हे काम करणार कोण?

रंगनाथन यांनी विषयाचे पाच पैलू सांगितले होते. सोप्या भाषेत : मुख्य गोष्ट कोणती, ती कशाची, काय क्रिया घडली, कुठे आणि कधी. त्यांनी हे वर्गीकरणासाठी बनवलं, पण फॉरवर्ड तपासायलाही हेच प्रश्न कामाला येतात. पुराचा व्हिडिओ आला? कुठला आणि कधीचा, एवढं शोधलंत तरी जुनी क्लिप लगेच पकडता येते. त्यात आपला एक प्रश्न जोडा : हे सांगतंय कोण, आणि त्याला कसं माहीत?

आयुष्यभराच्या बचतीतून रंगनाथन यांनी मद्रास विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी देणगी दिली. १९६२ मध्ये बंगळुरूत त्यांनी संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभं केलं. १९७२ मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा भारतात इंटरनेट यायला अजून बराच अवकाश होता. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो.

यंदा त्या दिवशी स्टेटस नक्की ठेवा. पण त्याआधी एकदा शाळा-कॉलेजच्या ग्रंथपालांकडे जा आणि पुस्तकाऐवजी एक प्रश्न घेऊन जा.