अहिल्याबाईंनी हलके केलेले ओझे

जामखेडहून काशी सरळ गेले तरी हजार किलोमीटरच्या पुढे आहे. रोज वीस किलोमीटर चालणाऱ्याला पोहोचायला दोन महिने सहज लागतात. चालणाऱ्या माणसाला दिवसाला अर्धा ते पाऊण किलो पीठ लागते, म्हणजे दोन महिन्यांचे तीस-चाळीस किलो झाले. उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर घाम जातो आणि एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. डाळ, गूळ, मीठ, तांब्या, दोरी आणि घोंगडी वेगळीच. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझे रोज वाहिले की गुडघे आणि कंबर कुरकुरू लागतात. थोडक्यात, एवढी शिदोरी पाठीवर नेता येतच नाही. ती वाटेतच मिळावी लागते. अठराव्या शतकात हे काम फार मोठ्या प्रमाणावर ज्यांनी केले, त्या अहिल्याबाई होळकर याच जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. जिल्ह्याला आज त्यांचेच नाव आहे.

अहिल्याबाईंचा जन्म 31 मे 1725 चा. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. हा मुलूख पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात आणि हंडाभर पाण्यासाठी पायपीट होते. पाण्याची किंमत काय असते, हे इथल्या लेकीला कुणी शिकवावे लागत नाही. लहान वयातच मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि त्या माळव्यात गेल्या.

1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिले नाही. त्यांनी तिच्यावर कारभार सोपवला. ते स्वतः मोहिमेवर असत आणि मागची तजवीज सून पाही. 1765 मध्ये तर त्यांनी पत्र पाठवून तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जायला आणि तोफगोळे तयार करवून घ्यायला सांगितले होते. कोणत्या मुक्कामावर किती माणसे येणार, त्यांना धान्य किती, जनावरांना वैरण किती, पाणी कुठे, हा हिशेब लष्करात चुकला तर माणसे लढाईआधीच आजारी पडतात. अहिल्याबाई या हिशेबात तयार झाल्या.

1766 मध्ये सासरे गेले आणि 1767 मध्ये एकुलता मुलगा मालेरावही गेला. त्याच वर्षी राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. सैन्याची बाजू तुकोजी होळकरांनी सांभाळली. अहिल्याबाईंनी महेश्वरला नर्मदेकाठी राजधानी केली आणि पुढे 28 वर्षे राज्य केले.

होळकरांच्या खासगी उत्पन्नातून त्यांनी देशभर बांधकामे केली. काशी विश्वनाथाचे मंदिर, मणिकर्णिका घाट आणि गयेचे विष्णुपद मंदिर सगळ्यांना ठाऊक आहे. पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने मात्र धर्मशाळा, विहिरी, बारवा आणि अन्नछत्रे जास्त मोलाची होती. पुढच्या मुक्कामी छप्पर आहे, पाणी आहे, एक वेळचे जेवण आहे, असा भरवसा असला की पाठीवरचे पीठ दोन महिन्यांऐवजी दोन-तीन दिवसांचेच लागते. विहीर जवळ आहे हे कळले की तांब्या-दोरीवर भागते.

इंग्रज अधिकारी जॉन माल्कम यांनी त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांनी माळव्यातल्या लोकांकडून माहिती गोळा केली. उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंना पाणी द्यायला अहिल्याबाईंची माणसे उभी असत, असे त्यांनी नोंदवले आहे. नांगराला जुंपलेल्या बैलांनाही थांबवून पाणी पाजले जाई. थंडी सुरू झाली की अशक्त लोकांना कपडे मिळत. उष्माघात टाळायचा तर तहान लागण्याआधी पाणी प्यावे, असे आज डॉक्टर सांगतात. वाटेत पाणी असेल तरच ते शक्य होते.

विंध्य पर्वतातला जाम घाटाचा रस्ताही त्यांचाच. तीव्र चढावर ओझे घेऊन चालताना सपाटीच्या जवळजवळ दुप्पट शक्ती खर्च होते. त्यामुळे बांधून काढलेला घाट म्हणजे वाटसरूची वाचलेली भाकरीच.

या सोयींना त्या काळाची एक मर्यादाही होती. बारवेत माणूस पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय घालतो. पायाला नारू झालेला माणूस पाण्यात उतरला की कृमीची पिले पाण्यात सुटत, सूक्ष्म जलचरांच्या पोटात जात आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगात शिरत. वर्षभराने त्याच्या पायातून लांबलचक जंत बाहेर येई. पायी जाणाऱ्याला याहून वाईट दुखणे नव्हते. हे चक्र त्या वेळी जगात कुणालाच माहीत नव्हते. पुढे पाणी फडक्याने गाळून पिणे आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाट किंवा पंप बसवणे, अशा साध्या उपायांनी भारत 2000 साली नारूमुक्त ठरला.

1791 मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. नवरा, सासरा, मुलगा आणि आता मुलगी. तरी कारभार थांबला नाही. 13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वरला, वयाच्या सत्तराव्या वर्षी, अहिल्याबाई गेल्या.

आजही पंढरीची वारी असो, नर्मदा परिक्रमा असो की सह्याद्रीतली आठ दिवसांची भटकंती, तयारीचा क्रम तोच ठेवावा. आधी वाटेवरचे पाणी, जेवण आणि मुक्काम कागदावर मांडावेत. दोन पाणवठ्यांमध्ये किती तास चालायचे, ते पाहून पाणी घ्यावे. दोन जेवणांमधल्या अंतरापुरते चणे, गूळ, शेंगदाणे आणि दशम्या घ्याव्यात. पिशवी सर्वांत शेवटी भरावी.