साम्राज्याचा जमाखर्च तपासणारा विद्यार्थी

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. चवदार तळे, पुणे करार, संविधान, नागपूरची धम्मदीक्षा हे टप्पे निवासी शाळेतील लहान मूलही न अडखळता सांगते. मात्र त्यांच्या आयुष्यातील दहा वर्षे आपण दोन-तीन पदव्यांच्या नावांत गुंडाळून टाकतो, असे आम्हांस दर जयंतीला जाणवते. १९१३ ते १९२३ या काळात हा तरुण ब्रिटिश साम्राज्याचा इतिहास अभ्यासत होता, आणि तोही साम्राज्याच्याच जमाखर्चाच्या कागदपत्रांतून.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सैनिकी शाळेत शिक्षक होते. आपल्या चऱ्होलीवरून वाहणारी इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते आणि तीच भीमा पुढे कोरेगावला जाते. १ जानेवारी १८१८ रोजी कंपनीच्या फौजेतून लढताना पडलेल्या महार सैनिकांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत. ज्या सत्तेने ती नावे कोरली, तिनेच त्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली. अशा घरातील मुलास साम्राज्याची भक्ती परवडणारी नव्हती आणि आंधळा द्वेषही परवडणारा नव्हता.

एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर फेब्रुवारी १९१३ मध्ये पितृछत्र हरपले. त्याच वर्षी सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन व अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिला. शेतसारा, मीठ, अफू यांतून कंपनीने किती वसूल केले, लोकोपयोगी कामांवर किती अल्प खर्च केला, आणि १८५८ मध्ये कंपनीची सत्ता संपली तरी तिचे कर्ज भारतीय रयतेच्या माथी कसे राहिले, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. त्यांचे वय तेव्हा अवघे चोवीस होते.

पुढे प्राध्यापक सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रांतिक वित्तव्यवस्थेचा अभ्यास हाती घेतला. १८३३ च्या कायद्याने तिजोरीच्या किल्ल्या मध्यवर्ती सरकारच्या हाती गेल्या. प्रांतांनी खर्च करावा, पण उत्पन्नाची चिंता वाहू नये, असा विचित्र प्रकार सुरू झाला. १८७१ पासून प्रांतांना प्रथम ठरावीक रक्कम, मग काही उत्पन्नाच्या बाबी आणि १८८२ नंतर महसुलात वाटा, अशा पायऱ्यांनी अधिकार मिळाले. विषय रुक्ष खरा. परंतु या ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी जे लिहिले ते आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. परके सरकार जातिव्यवस्थेस हात लावीत नाही, कारण त्यास प्रतिकाराचे भय वाटते, असे त्यांनी दाखवून दिले. करवसुलीत धीट असणारी सत्ता समाजसुधारणेत भित्री होती. हा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला व सयाजीराव महाराजांस अर्पण करण्यात आला.

मध्यंतरी १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. निराळ्या जहाजाने पाठविलेले त्यांचे ग्रंथ व सामान महायुद्धातील पाणतीराच्या हल्ल्यात समुद्रात बुडाले. बडोद्याच्या नोकरीत तर विदेशी पदव्या असलेल्या या अधिकाऱ्यास राहावयास जागा मिळेना. नंतर सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसे साठविले. शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांचे कर्ज मिळाल्यावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले.

तेथे सकाळपासून ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचन आणि रात्री भुकेला चार पापड, ही कथा आमच्या वसतिगृहातील मुले आवडीने ऐकतात. मेसच्या जेवणाविषयीची कुरकुर त्या दिवशी थोडी कमी होते, हेही खरे.

रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी १९२२ मध्ये सादर केला. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी रुप्यासाठी बंद केल्या व रुपयाचे चलन आपल्या मर्जीवर ठेवले. रुपये पाडण्याचा सरकारचा हा मोकाट अधिकार रोखल्याशिवाय किमती स्थिर राहणार नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. ब्रिटिश धोरणावरील टीका परीक्षकांना बोचली व पुनर्लेखन करण्यास सांगण्यात आले. जवळचे पैसे संपत आल्याने ते मुंबईस परतले आणि तेथून सुधारित प्रबंध पाठविला. भाषा सौम्य झाली, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली आणि एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथ प्रकाशित झाला. कॅनन यांना त्यातील काही मते पटली नव्हती, तरीही त्यांनी प्रस्तावना लिहिली. गुरु-शिष्यांचे हे नाते आम्हांस विशेष भावते.

१९२५ च्या डिसेंबरमध्ये भारतीय चलनाविषयीच्या शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. १९३० च्या गोलमेज परिषदेत, ब्रिटिश राज्यात अस्पृश्यांची स्थिती सुधारली नाही आणि म्हणून स्वराज्य हवे, असे त्यांनी साम्राज्याच्या राजधानीतच सांगितले. त्यामागे दहा वर्षांचा हा हिशेब होता.

कंपनीवरील तो पहिला प्रबंध त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली तो त्यांच्या लेखन व भाषणांच्या सहाव्या खंडात, अन्य दोन अर्थशास्त्रीय ग्रंथांसह, प्रसिद्ध केला. म्हणजे लिहिल्यानंतर ७४ वर्षांनी.