ह्यूम यांचा वनपिंगळा

२५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या रानात तीन अमेरिकी पक्षी-अभ्यासकांना झाडावर बसलेला एक ठेंगणा पिंगळा दिसला. तो वनपिंगळा होता. १८८४ नंतर त्याची एकही विश्वसनीय नोंद नसल्यामुळे तो नामशेष झाला, असेच बहुतेकांनी मानले होते. या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले, ते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून ह्यूम यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत येते; त्यांची ही दुसरी ओळख मात्र फारशी कोणाला नसते.

१८२९ मध्ये जन्मलेले ह्यूम १८४९ मध्ये मुलकी नोकरीत हिंदुस्थानात आले. इटाव्याचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी तेथे शाळा काढल्या आणि १८५७ चा उठावही तेथेच पाहिला. पुढे ते महसूल, शेती व व्यापार खात्याचे सचिव झाले. परंतु वरिष्ठांना न रुचणारी मते उघडपणे मांडल्यामुळे १८७९ मध्ये त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले.

या साऱ्या धकाधकीत पक्ष्यांचा अभ्यास अखंड चालू होता. देशभरातील अधिकारी आणि हौशी संग्राहक त्यांना नमुने व टिपणे पाठवीत. त्यासाठी १८७२ मध्ये त्यांनी स्वतःचे नियतकालिकही सुरू केले. तो काळ दुर्बिणीचा नव्हे, बंदुकीचा होता. पक्षी कोठे आणि केव्हा मिळाला, ही माहिती नमुन्यासोबत असावी, असा ह्यूम यांचा कटाक्ष असे.

मग आघात झाला. हिंदुस्थानातील पक्ष्यांवरील नियोजित ग्रंथाची हस्तलिखिते सिमल्याच्या घरातून नोकराने रद्दी म्हणून बाजारात विकली. अनेक वर्षांचे श्रम पुड्या बांधण्यात संपले. ह्यूम यांचे मन या विद्येतून उडाले आणि १८८५ मध्ये त्यांनी सुमारे ८२ हजार कातडी व अंड्यांचा संग्रह ब्रिटिश संग्रहालयाला देऊन टाकला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले.

ग्रंथ गेला, पण नोंदी उरल्या. नोंदींचे मोल किती, हे वनपिंगळ्याच्या शोधात दिसून आले. माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत हा पक्षी मिळाल्याचे सांगितले होते. वस्तुतः त्याचा नमुना संग्रहालयातून चोरलेला आणि त्यावरील चिठ्ठी बनावट होती. त्या एका असत्यामुळे शोधकांचे लक्ष भलतीकडे वेधले गेले. हे बनाव उघडकीस आणून पॅमेला रासमुसेन यांनी जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढला. खानदेशात मुलकी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० नंतरच्या काही वर्षांत जमविलेल्या नमुन्यांवरील गावे त्यांना शहाद्याकडे घेऊन आली.

ह्यूम १८९४ मध्ये मायदेशी परतले आणि १९१२ मध्ये निवर्तले. राजकीय कार्यासाठी इतिहासाने त्यांची आठवण ठेवली, हे योग्यच झाले. परंतु स्थळ आणि तारीख प्रामाणिकपणे लिहून ठेवण्याची जी शिस्त त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळली, तिचे फळ त्यांच्या मृत्यूनंतर ८५ वर्षांनी खानदेशच्या रानात मिळाले. वर्गातील हजेरी असो वा कचेरीतील दप्तर, खरी नोंद करणाऱ्याला तिचा उपयोग केव्हा होईल हे ठाऊक नसते. तरीही ती खरीच करावयाची असते.