ना. वा. टिळक : धर्मांतरापासून देवाच्या दरबारापर्यंत

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या चरित्राचा विचार बहुधा एका तारखेभोवती फिरतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या आयुष्याचे हिंदू व ख्रिस्ती असे दोन खंड पडले, अशी ही मांडणी असते. ती सोयीची असली तरी अपुरी आहे. आपला धर्म कोणता, या प्रश्नाचा टिळकांनी घेतलेला शोध त्या तारखेच्या आधी सुरू झाला होता आणि तिच्यापाशी तो थांबलाही नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात टिळकांचा जन्म झाला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. वृत्ती अस्थिर असल्याने एका गावी किंवा एका नोकरीत ते फार काळ रमले नाहीत. नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत असताना ते ‘ऋषि’ हे धर्मविषयक मासिकही चालवीत. रूढ कर्मकांडावरील आणि जातिभेदावरील त्यांचा विश्वास या काळापर्यंत उडाला होता. परंतु ईश्वरावरील विश्वास कायम होता. परंपरागत धर्म सुटत चालला होता आणि दुसरा सापडलेला नव्हता, अशी ही मधली अवस्था होती. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ वाचावयास दिला. त्यातील गिरिप्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच त्यांनी बाप्तिस्म्याचा निर्णय घेतला.

या निर्णयाची किंमत एकट्या टिळकांनी मोजली नाही. लक्ष्मीबाई कडक सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढल्या होत्या. पतीचे धर्मांतर त्यांच्यावर अकस्मात कोसळले. लहान मुलासह नातलगांच्या आश्रयाने त्यांनी काही वर्षे पतीपासून दूर काढली. पुढे त्या अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पतीकडे राहावयास आल्या, तरी आरंभी त्यांनी आपला आचार वेगळाच ठेवला. एका घरात दोन धर्म नांदू लागले. माणसामाणसांतील उच्चनीच भाव ईश्वराने निर्माण केलेला नाही, हा विचार त्यांना स्वतःच्या अनुभवातून पटत गेला आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीमागून जाण्याची रूढ वाट मोकळी असतानाही त्या स्वतःची खात्री पटेपर्यंत थांबल्या. म्हणूनच ‘स्मृतिचित्रे’ हे पतीच्या आठवणींचे पुस्तक असूनही एका स्त्रीच्या स्वतंत्र धर्मजिज्ञासेचे आत्मकथन ठरते.

अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात टिळकांनी अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. या वर्षांत एका विसंगतीने त्यांना अस्वस्थ केले. मराठी ख्रिस्ती उपासनेत भाषांतरित गीते व परकीय चाली यांचे प्राबल्य होते. ख्रिस्ती होणे म्हणजे परका होणे, असा समज त्यामुळे दोन्ही बाजूंना दृढ होत असे. टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन यांतून ख्रिस्तभक्ती मांडली. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, ही त्यांची धारणा होती. त्यामुळे वारकरी संतांची भाषा ही त्यांच्या लेखी प्रचाराची युक्ती नव्हती. श्रद्धेचा विषय बदलला. श्रद्धेची मातृभाषा मात्र तीच राहिली. ‘अभंगांजली’ या रचनेचा विचार या दृष्टीनेच करावा लागतो.

त्यांच्या घराचे दारही या भेदांपलीकडे उघडे होते. १९०७ च्या जळगाव कविसंमेलनात पुढे आलेले तरुण कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, या ख्रिस्ती घरात कुटुंबीयासारखे राहिले. काव्याचे नाते तेथे धर्माच्या नात्याइतकेच जवळचे मानले गेले.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन व आश्रय सोडला. ख्रिस्ती संन्यास पत्करून त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना त्यात समान स्थान होते. ज्या विधीसाठी त्यांनी घरदार, जात व आप्त यांचा वियोग सोसला, तोच विधी त्यांनी इतरांसाठी प्रवेशाची अट ठरविला नाही. चर्चमधील अनेकांना हे पाऊल धोक्याचे वाटले आणि हिंदू समाजाच्या दृष्टीने तर ते परधर्मीयच होते. टिळकांना मात्र यात स्वतःच्या श्रद्धेचा त्याग दिसला नाही. ख्रिस्तावरील निष्ठा संस्थेच्या सीमेहून मोठी आहे, एवढाच अर्थ त्यांनी त्यातून काढला.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबाराला स्थैर्य लाभण्याइतके आयुष्य त्यांना मिळाले नाही. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही आरंभीच्या अध्यायांपाशीच थांबले. त्याचा पुढील मोठा भाग रचला तो लक्ष्मीबाईंनी. एकेकाळी पतीच्या धर्मांतराने ज्यांचा संसार मोडला, त्यांनीच पतीचे श्रद्धाकाव्य पुढे नेले. टिळकांचे धर्मांतर एका दिवसाचे नव्हते आणि एका माणसाचेही नव्हते, याची साक्ष या काव्याच्या रचनेतच मिळते.